होलोपॉइंट काडतुसं : घरासाठी कोणती, हरणासाठी कोणती?

ओहायोकर
नमस्कार मंडळी. ओहायोत राहतो, ग्रीनकार्ड आहे. घरात ४ इंची नळीचं नाइन एमएम पिस्तूल आहे आणि हरणाच्या हंगामासाठी साडेसात इंची नळीची .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर. दुकानात गेलं की होलोपॉइंटचे पंधरा-वीस डबे समोर दिसतात. ११५ ग्रेन, १२४ ग्रेन, १४७ ग्रेन, प्लस-पी, बॉन्डेड, लाल टोकाची, अख्ख्या तांब्याची. निवडताना नेमकं काय बघायचं? पिस्तुलासाठी आणि शिकारीसाठी एकाच जातीची गोळी चालेल का? घर लाकडी सांगाड्याचं आहे, भिंती जिप्समच्या, आणि पलीकडच्या खोलीत मुलं झोपतात. हे धरून सांगा.

तोफखाना
आधी शब्द नीट लावून घेऊ. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तळाचा प्रायमर, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी असं सगळं मिळून. होलोपॉइंट हा त्यातल्या गोळीचा प्रकार. डब्यावरचे ग्रेन हे फक्त गोळीचं वजन, दारूचं नाही. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे १२४ ग्रेनची गोळी ८ ग्रॅमची आणि १४७ ची साडेनऊ ग्रॅमची.

या गोळीच्या टोकाला खळगा असतो. गोळी ओल्या मांसात शिरली की खळग्यात द्रव दाबाने कोंबला जातो, कडा बाहेर वळतात आणि गोळी फुलते. नाइन एमएमची गोळी मुळात ०.३५५ इंचाची. चांगली फुललेली ०.५५ ते ०.६५ इंच भरते. समोरून पाहिली तर तांब्याच्या पाच-सहा पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधे शिशाचा चपटा गड्डा, असं दिसतं. फुलल्यामुळे जखम रुंद होते आणि गोळीला ब्रेक लागतो. हा ब्रेकच घरातल्या माणसांसाठी महत्त्वाचा.

पण ब्रेक लवकर लागला तरी पंचाईत. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराला ११५ ग्रेनची नाइन एमएम होलोपॉइंट लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या साधारण इंचभर अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. आज आपण डब्यावर जे आकडे वाचतो त्यांची सुरुवात तिथून झाली. एफबीआयने ठरवलेली कसोटी अशी : १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळीने किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच जावं. उघडा ठोकळा, जाड कपडे, पत्रा, जिप्सम बोर्ड, प्लायवूड आणि गाडीची काच असे सहा प्रकारचे अडथळे लावून हे तपासतात.

१२ इंच ऐकून वाटतं एवढं कशाला, माणसाची छाती तर तेवढी जाड नसते. पण गोळी दरवेळी समोरून सरळ लागत नाही. मधे दंड येतो, ती तिरकी शिरते, हाड येतं. म्हणून १२.

निवडुंग
तोफखाना यांनी पाया घातला, मी डब्यांवर येतो.

४ इंची नाइन एमएमसाठी चार-पाच नावं वर्षानुवर्षं या कसोटीवर उतरली आहेत. फेडरल एचएसटी १२४ किंवा १४७ ग्रेन, स्पीअर गोल्ड डॉट १२४ ग्रेन, साधी किंवा प्लस-पी (म्हणजे जास्त दाबाची), विंचेस्टर रेंजर टी-सिरीज, हॉर्नडी क्रिटिकल ड्यूटी १३५ ग्रेन. यातली कुठलीही घेतलीत तरी फसणार नाही.

गोल्ड डॉट बॉन्डेड आहे. म्हणजे शिशाच्या गाभ्यावर तांब्याचं कवच विद्युत लेपनाने चढवलेलं असतं, त्यामुळे काचेतून गेली तरी कवच आणि गाभा सुटे होत नाहीत. एचएसटी बॉन्डेड नाही, पण जाड कपड्यातून गेल्यावर ती ज्या खात्रीने फुलते तशा कमीच फुलतात. घरात गाडीची काच नसते आणि हिवाळ्यात कोट मात्र असतो, म्हणून घरासाठी माझा कौल एचएसटीला.

लाल टोकाची म्हणजे हॉर्नडीचीच क्रिटिकल डिफेन्स, आणि क्रिटिकल ड्यूटीचं टोकही लालच. पण दोन्ही एकच समजू नका, नावं जवळची आहेत पण काम वेगळं. डिफेन्स ११५ ग्रेनची, छोट्या नळीच्या पिस्तुलांसाठी, धक्का कमी, शिरण्याची खोली १२ इंचाच्या आसपासच. ड्यूटी १३५ ग्रेनची, अडथळे पार करण्यासाठी, फुलणं थोडं कमी आणि शिरणं जास्त. दोन्हींत खळग्यात रबरासारखा मऊ खुंटा भरलेला असतो, त्यामुळे कापड आत अडकत नाही.

वजनाचं म्हणाल तर ११५ ग्रेनच्या पारंपरिक होलोपॉइंट टाळा. हलकी गोळी, वेग जास्त, लवकर फुलते आणि उथळ राहते. मायामीतली तीच. १२४ आणि १४७ मध्ये मी १४७ घेईन. डब्यावर वेग १००० फूट प्रति सेकंद, आवाज थोडा दबका, नळीचं तोंड कमी उसळतं, दुसरा बार लवकर निशाण्यावर येतो.

तोफखाना
निवडुंग, १४७ वर एक हरकत नोंदवतो. काही हलकी पिस्तुलं १४७ ग्रेनवर स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आळसावल्यासारखी चालवतात, विशेषतः मनगट सैल धरणाऱ्याच्या हातात. १२४ ग्रेन ११५० फूट वेगाने जाते आणि नाइन एमएमची बहुतेक पिस्तुलं याच वजनावर बेतलेली असतात, नाटोची गोळीही १२४ ची. म्हणून माझा कौल साध्या दाबाच्या १२४ ला.

प्लस-पी घेऊ नका असं नाही, पण कशासाठी घेतो ते समजून घ्या. नाइन एमएमची दाबमर्यादा ३५,००० पीएसआय, प्लस-पीची ३८,५००. मिळतात साधारण ५० ते ७० फूट प्रति सेकंद. ४ इंची नळीतून आधुनिक गोळीला फुलायला त्यांची गरज पडत नाही. त्या बदल्यात धक्का वाढतो, झोत वाढतो, स्प्रिंग लवकर थकते. ३ इंची नळी असेल तर प्लस-पीला अर्थ आहे, कारण नळीचा एक इंच कमी झाला की २५ ते ५० फूट वेग जातो आणि गोळी फुलण्याच्या उंबरठ्याखाली येऊ शकते. प्लस-पी-प्लस लिहिलेल्या डब्यांपासून दूर राहा. त्या खुणेला कुठलीही ठरलेली दाबमर्यादाच नाही.

घाटमाथा
डबा निवडला म्हणजे काम झालं असं कुणी समजू नये. सगळ्यात जास्त घोटाळे पुढे होतात.

होलोपॉइंटचं तोंड बसकं आणि रुंद असतं. मॅगझिनमधून चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) जाणाऱ्या उतारावर ते तोंड अडतं. गोल नाकाची सरावाची गोळी सुरळीत चालते म्हणून होलोपॉइंट चालेलच असं नाही. १९११ नावाच्या मॉडेलच्या जुन्या पिस्तुलांत हे हमखास दिसतं, कारण ती गोल नाकाच्या २३० ग्रेन गोळीसाठीच घडवली होती.

म्हणून ज्या जातीची काडतुसं घरात भरून ठेवणार, त्याच जातीची निदान १०० आणि जमल्यास २०० रेंजवर झाडून बघा. सगळी मॅगझिनं वापरून, दोन्ही हातांनी आणि नुसत्या डाव्या हातानेही. एकदा जरी अडलं तरी आधी मॅगझिन बदलून बघा. तेच मॅगझिन पुन्हा अडलं तर दोष त्याच्या स्प्रिंगचा किंवा वरच्या वाकलेल्या ओठांचा. सगळ्या मॅगझिनांत अडलं तर गोळीची जात बदला, पिस्तूल घासत बसू नका.

खर्चाचं म्हणाल तर २० च्या डब्यात एक काडतूस दीड डॉलरच्या आसपास पडतं. एचएसटी आणि गोल्ड डॉटचे ५० चे डबे मिळतात, त्यात बरंच स्वस्त पडतं. चाचणी झाली की रोजचा सराव त्याच वजनाच्या फुल मेटल जॅकेटवर (पूर्ण कवचाची, न फुलणारी गोळी) करा, १२४ ला १२४.

दुसरी गोष्ट, जी फारच कमी लोक बघतात : गोळी मागे सरकणं. रोज रात्री पिस्तूल भरायचं, सकाळी रिकामं करायचं, आणि तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये. प्रत्येक वेळी गोळीचं तोंड उतारावर आपटतं आणि ती पुंगळीत थोडी थोडी आत जाते. आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. नाइन एमएमची पुंगळी छोटी असल्याने फरक मोठा पडतो.

तपासायचं असं. नव्या डब्यातलं एक काडतूस आणि चेंबरमधलं काडतूस टेबलावर शेजारी शेजारी उभं करा. डोळा टेबलाच्या पातळीला आणा. टोकांची उंची वेगळी दिसली तर ते काडतूस बाजूला. कॅलिपर असेल तर लांबी मोजा, पाव मिलिमीटर कमी भरली तरी बाजूला. सोपा नियम म्हणजे काडतूस चेंबरमधून बाहेर आलं की त्याच्या बुडाच्या कडेला मार्करने एक ठिपका द्यायचा आणि ते मॅगझिनच्या तळाला घालायचं. तीन ठिपके झाले की रेंजच्या डब्यात. प्रायमरवर ठिपका देऊ नका.

निवडुंग
घाटमाथा, ठिपक्यांची पद्धत उत्तम. त्यात एक भर. खिशात किंवा कमरेला वागवलं जाणारं काडतूस असेल तर महिन्यातून एकदा खळग्यात डोकवा. कपड्याचा धागा, धूळ, केसांचा गुंता बसलेला असतो. लाकडी टूथपिकने काढा, तेलाने नाही. काडतुसावर आत झिरपणारं तेल फवारणं हा सर्रास दिसणारा गुन्हा आहे. ते प्रायमरच्या फटीतून आत जातं आणि ऐन वेळी बार फुसका निघतो. हत्यारालाही तेल बेताचंच, चेंबर कोरडा.

निकेलचा मुलामा दिलेली रुपेरी पुंगळी मिळत असेल तर ती घ्या. घामाने हिरवी पडत नाही, सरकते छान, आणि अंधारात चेंबर किंचित मागे ओढून पाहिलं तर चटकन चमकते.

ओहायोकर
खूप उपयोगी. जिप्समच्या भिंतीचं राहिलं. होलोपॉइंट भिंतीत थांबते ना?

तोफखाना
नाही. हा गैरसमज मुलांच्या जिवाशी खेळणारा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

जिप्समचा बोर्ड कोरडा असतो. त्यातून जाताना खळग्यात द्रव नाही, भुगा भरतो. खळगा बुजला की होलोपॉइंट साध्या गोळीसारखी न फुलता पुढे जाते. नाइन एमएम असो की .४५, चुकलेली गोळी घरातल्या अनेक भिंती पार करते. कुठलीही होलोपॉइंट हा धोका घालवत नाही. ती फक्त जी गोळी माणसाला लागली ती त्याच्या पलीकडे जाण्याची शक्यता कमी करते.

त्यामुळे मुलांच्या खोलीचा प्रश्न काडतुसाने सुटत नाही, उभं राहण्याच्या जागेने सुटतो. घराचा नकाशा कागदावर काढा. शयनगृहाच्या दारातून कोणत्या दिशेला मुलांचे पलंग येतात ते आखा. त्या दिशेला बार टाकायचा नाही हे आधीच ठरवा. कोणत्या कोपऱ्यातून पाठीमागे विटांची भिंत, फायरप्लेस किंवा तळघराची काँक्रीटची बाजू येते ते शोधा. शक्य असेल तर सगळे एका खोलीत, दार बंद, ९११ ला फोन, आणि हत्यार त्या एका दाराकडे. आणि बोटांच्या खुणांनी किंवा बटणांनी झटकन उघडणारी छोटी तिजोरी पलंगाशी पक्की ठोकलेली हवी. उशाखाली किंवा कपाटावर भरलेलं पिस्तूल ठेवू नका, मुलं कपाटावर चढतात.

मुळामुठा
एक शंका. या गोळ्यांवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे ना? शाळेत दमदम गोळीबद्दल वाचल्याचं आठवतं.

तोफखाना
बंदी आहे, पण युद्धासाठी. कोलकात्याजवळच्या दमदमच्या तोफखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी .३०३ रायफलीच्या गोळीचं टोक उघडं ठेवून फुलणारी गोळी बनवली, तिथून हे नाव आलं. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात फुलणाऱ्या गोळ्या सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. पोलीस आणि नागरिक त्यात येत नाहीत. उलट अमेरिकेतले पोलीस होलोपॉइंटच वापरतात, कारण आरपार गेलेली गोळी मागच्या माणसाला लागते.

रानजाई
आता शिकारीचं. ओहायोकर, तुमचा मूळ प्रश्न की दोन्हीकडे एकच जात चालेल का, त्याला उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण वेग आहे.

प्रत्येक होलोपॉइंट एका ठरावीक वेगपट्ट्यासाठी घडवलेली असते. पट्ट्याच्या खाली ती फुलत नाही, वर गेली तर तिचे तुकडे होतात. संरक्षणाच्या गोळीचा खळगा मोठा, कवच पातळ, कडांना चिरा. ती हजार-अकराशे फुटांवर फुलावी म्हणून. तीच जात .४४ मॅग्नममधून तेराशे-चौदाशेने सोडली तर हरणाच्या खांद्याच्या हाडावर फुटते, जखम मोठी पण उथळ होते, आणि हरीण जखमी अवस्थेत मैलभर पळतं. शिकाऱ्याला याहून वाईट काही नाही.

.४४ मॅग्नमसाठी व्हाइटटेल जातीच्या हरणावर २४० ग्रेनची हॉर्नडी एक्सटीपी घ्या. कारखान्याचं काडतूस १३५० फूट वेगाचं आहे. खळगा लहान, कवच जाड, हळू आणि बेताने फुलते, बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. संरक्षणात जे नको ते इथे हवं असतं. दोन भोकं पडली की रक्ताचा माग जमिनीवर मिळतो, आणि गोळी खालून बाहेर पडली तर तो माग पहिल्या पावलापासून सुरू होतो. .४४ मध्ये मिळणारी २०० ग्रेनच्या आतली हलकी संरक्षणाची गोळी हरणावर वापरू नका.

इतर कॅलिबरवाल्यांसाठी थोडक्यात : .३५७ मॅग्नममध्ये १५८ ग्रेन एक्सटीपी, अंतर ५० यार्डांच्या आत. टेन एमएममध्ये १८० किंवा २०० ग्रेन. .४५४ कॅसुलमध्ये साधी एक्सटीपी नको, एक्सटीपी मॅग. त्या काडतुसात २४० ग्रेनची गोळी १९०० फुटांनी निघते, साध्या .४५ च्या वेगासाठी केलेलं कवच तिथे फाटतं. अस्वलाच्या प्रदेशात मात्र होलोपॉइंटच नको. जाड कातडी, चरबी आणि हाड यांतून खोल जाणारी, कडक शिशाची सपाट टोकाची गोळी तिथे लागते.

आता अंतर. ५० यार्डांवर निशाणा बांधलात तर २४० ग्रेनची ही गोळी १०० यार्डांवर साधारण ५ इंच खाली लागते. पण गोळी कुठे पोहोचते यापेक्षा तुम्ही कुठे पोहोचता ते बघा. आठ इंची कागदी ताटली टांगा, कारण हरणाच्या फुप्फुसं आणि हृदयाची जागा तेवढीच. शिकारीत ज्या बैठकीत बसणार त्याच बैठकीतून सहा बार टाका. सहाच्या सहा ताटलीत पडतात ते सगळ्यात लांबचं अंतर म्हणजे तुमची हद्द. उघड्या निशाण्यावर बहुतेकांची ही हद्द ५० यार्डांच्या आसपास निघते. हरीण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. समोरून किंवा मागून दिसत असेल तर सोडून द्या.

बारानंतर हरीण पळालं तरी जागेवरून हलू नका. अर्धा तास थांबा. लगेच मागे लागलात तर आडवं पडलेलं हरीण उठून आणखी पळतं.

घाटमाथा
रानजाई, रिव्हॉल्व्हरमधली एक खोट इथेच सांगायला हवी. जोरदार धक्क्याच्या काडतुसात गोळी पुढे सरकते. पिस्तुलात ती आत जाते, इथे उलटं. बार होतो तेव्हा रिव्हॉल्व्हर मागे उडते आणि सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपल्या जडत्वाने पुंगळीतून पुढे निघतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरत नाही आणि हत्यार ठप्प. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे जास्त होतं.

चाचणी सोपी आहे. सहा भरा, त्यातल्या एकाची लांबी मोजून ठेवा. पाच झाडा, सहावं तेच मोजलेलं ठेवा. काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर त्या डब्याची पुंगळीवरची पकड ढिली आहे. तो डबा त्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नका.

आणि कानांना संरक्षण. .४४ मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, एका बाराने कायमचं नुकसान होतं. शिकारीतही इलेक्ट्रॉनिक मफ घाला, ते पाचोळ्याचा आवाज वाढवून देतात आणि बार दाबतात.

रानजाई
कायद्याचंही टाकते. ओहायोत हरणासाठी हँडगन वापरायची तर नळी किमान ५ इंच आणि काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठं, सरळ भिंतीच्या पुंगळीचं. तुमची साडेसात इंची .४४ यात बसते. नियमावली दरवर्षी नव्याने निघते, हंगामाआधी ती वाचाच. बऱ्याच राज्यांत हरणासाठी फुल मेटल जॅकेट चालत नाही, गोळी फुलणारीच लागते.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींना १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तिथे अख्ख्या तांब्याची होलोपॉइंट घ्यावी लागते. .४४ मध्ये बार्न्सची २२५ ग्रेनची मिळते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तांब्यात एक पायरी हलकं वजन घेतात. तांबं फुलायला वेग जास्त लागतो, त्यामुळे लांबचा बार टाळा.

जिथे शिसं चालतं तिथेही मांस कापताना काळजी घ्या. जखमेच्या वाटेभोवतीचं काळंनिळं झालेलं मांस पूर्ण काढा, आणि त्यापलीकडे आणखी दोन-तीन इंच. शिशाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक उडतात. मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात जाणार असेल तर मी तांब्याचीच गोळी सुचवेन.

एडिसनकर
न्यू जर्सीत होलोपॉइंट बेकायदा आहे असं इथले बरेच मराठी लोक म्हणतात. खरं काय?

तोफखाना
अर्धं खरं. न्यू जर्सीत होलोपॉइंट विकत घेता येते, घरी ठेवता येते, दुकानातून थेट घरी नेता येते, रेंजवर नेता येते. परवान्यासह शिकारीलाही. मात्र कमरेला पिस्तूल वागवायचा परवाना असला तरी त्यात होलोपॉइंट भरून बाहेर फिरता येत नाही. २०२२ नंतर तिथे असे परवाने भरपूर निघाले, पण या कलमाची सूट त्यात नाही. खळगा पॉलिमरने पूर्ण भरलेली गोळी, उदाहरणार्थ क्रिटिकल डिफेन्स किंवा क्रिटिकल ड्यूटी, ही तिथले राज्य पोलीस होलोपॉइंट धरत नाहीत. म्हणून एडिसन-पिस्कॅटवेच्या परवानाधारकांच्या पिस्तुलात बहुधा लाल टोकाची दिसते. रेंजहून परतताना मधे किराणा, मग मित्राकडे, असे थांबे घेऊ नका. प्रवास सरळ ठेवा, काडतुसं वेगळ्या बंद डब्यात.

एडिसनकर
आभार. बायकोसाठी .३८ ची छोटी रिव्हॉल्व्हर आणि .३८० चं छोटं पिस्तूल असे दोन पर्याय पाहतो आहे. त्यांना कोणती?

निवडुंग
.३८ स्पेशल, २ इंची नळी : स्पीअरची १३५ ग्रेन शॉर्ट बॅरल प्लस-पी. ती या छोट्या नळीच्या ८६० फूट वेगासाठीच घडवली आहे, पण खळगा उघडा असल्याने तुमच्याकडे ती घरापुरतीच. धक्का हाताला सोसत नसेल तर १४८ ग्रेनची वॉडकटर. तिचं तोंड पूर्ण सपाट, फुलत नाही, पण पूर्ण व्यासाचं स्वच्छ भोक पाडते आणि खोलीही पुरेशी देते. होलोपॉइंट नसल्याने बाहेर वागवायलाही अडचण नाही. एकच त्रास, सपाट तोंडामुळे घाईत भरताना सिलिंडरच्या भोकात पटकन बसत नाही. हलक्या स्कँडियम किंवा टायटॅनियमच्या .३५७ रिव्हॉल्व्हरमध्ये १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी घालू नये अशी बनवणाऱ्याची सूचना असते, ती पाळा.

.३८० मध्ये दोन्ही साधत नाही. फुलली तर खोली कमी पडते, खोली मिळाली तर बहुधा ती फुललेली नसते. हातात मावत असेल तर .३८० सोडून छोटं नाइन एमएम घ्या. छोट्या .३८० ची स्लाइड ओढायलाही पुष्कळदा जास्त ताकद लागते, हे दुकानात ओढून बघा. आणि ज्यांनी वापरायचं त्यांनीच ओढून बघायचं.

मुळामुठा
यूट्यूबवर पारदर्शक जेलमध्ये गोळ्यांच्या चाचण्या दिसतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

तोफखाना
तुलनेपुरता, तोही त्याच जेलमधल्या दोन गोळ्यांमध्ये. पारदर्शक कृत्रिम जेल हे १० टक्के जिलेटिन नाही. खऱ्या जिलेटिनमध्ये ४ अंश सेल्सिअसला .१७७ चा छर्रा ५९० फूट वेगाने मारून तो साधारण साडेआठ सेंटिमीटर जातो का ते आधी तपासतात. मगच तो ठोकळा वापरतात. व्हिडिओत हा छर्रा मारलेला दिसत नसेल तर १२ ते १८ इंचाचा माप त्याला लावू नका. शिवाय एकच गोळी मारून निकाल देणारा व्हिडिओ सोडून द्या. निदान पाच हव्यात, आणि समोर चार थर डेनिम.

पाहुणा
एच-वन-बी वर असलेल्याने हे सगळं घेतलं तर चालतं का?

तोफखाना
साधारणपणे नाही. फेडरल कायद्यात, १८ यूएससी ९२२ च्या जी-पाच कलमात, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर सगळे यात येतात. एच-फोरवर वर्क परमिट असलं तरीही. अपवादांतला सामान्य माणसाला लागू होणारा एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. राज्यांचे नियम त्यावर वेगळे.

घरात एकजण ग्रीनकार्डवर आणि दुसरा एच-फोरवर असेल तर तिजोरीची चावी किंवा नंबर एच-फोरवाल्याकडे नको. हात न लावताही कायद्याच्या नजरेत तो ताबा ठरू शकतो. इमिग्रेशन आणि बंदूक कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारून घ्या. चूक झाली तर खटला आणि व्हिसा दोन्ही अंगावर येतात.

घाटमाथा
रेंजची बॅग भारतात नेऊ नका, हेही याच धाग्यात राहू द्या. अमेरिकेत काडतुसं चेक-इन सामानात, त्यांच्यासाठीच्या डब्यात, जाहीर करून नेता येतात. त्याच सवयीने तीच सॅक सुट्टीला पुण्या-मुंबईला येते आणि अस्तराच्या फटीत एक नाइन एमएम अडकलेलं असतं. मुंबईच्या स्कॅनरमध्ये ते दिसलं की शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा नोंदवतात. नाइन एमएम भारतात प्रतिबंधित बोअर (म्हणजे मनाई असलेला नळीचा व्यास) आहे, त्यामुळे प्रकरण आणखी जड होतं. काडतूस बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं असं न्यायालयात पुढे सिद्ध करता येतं, पण तोवर विमान, सुट्टी आणि पासपोर्ट अडकलेले असतात.

रेंजसाठी एक बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीच वापरू नका. वापरलीच असेल तर अस्तर उलटं करून, चेनच्या शिवणीखाली बोट फिरवून, पाण्याच्या बाटलीच्या जाळीत आणि लॅपटॉपच्या कप्प्याच्या तळाशी हात घालून बघा. रिकामी पुंगळीही काढा. स्कॅनरवर तीही काडतुसासारखीच दिसते. जॅकेटचे खिसे विसरू नका, रेंजवर जमिनीवरून उचललेलं काडतूस तिथेच जातं.

ओहायोकर
या शनिवारी एचएसटी १२४ चे ५० चे चार डबे आणि एक्सटीपी २४० चे दोन डबे घेतो. आधी मॅगझिनांवर नंबर टाकून प्रत्येकातून २५-२५ झाडतो, मग .४४ ची सहाव्या काडतुसाची चाचणी. कॅलिपरचे आकडे इथेच लिहीन.

घाटमाथा
लिहा. एक्सटीपीची लांबी मोजताना टोकाच्या खळग्यात कॅलिपरचा जबडा बुडू देऊ नका, कडेवर टेकवा. काडतूस तेच ठेवा आणि बुडावर ठिपका द्या, नाहीतर सहातलं कोणतं मोजलं होतं ते कळणार नाही.